कोरा नकाशा आणि सगळ्यांना एकच वारा: नॅव्हिगेशनच्या रात्रीसाठी डीसीएसची हुई

सात-आठ जणांनी रात्री ऑनलाइन जमून सिम्युलेटरमधल्या हेलिकॉप्टरवर नॅव्हिगेशनचा (नकाशा, होकायंत्र आणि घड्याळावरून वाट काढण्याचा) सराव करायचा म्हटलं की चर्चा लगेच दृश्यांवर जाते: कुठल्या सिम्युलेटरमधली झाडं खरी वाटतात, ढग कुठे छान दिसतात. या कामाला ते जवळजवळ गैरलागू आहे. खरे प्रश्न दोनच. ‘तुम्ही इथे आहात’ सांगणारा नकाशावरचा ठिपका आयोजकाला सगळ्यांसाठी बंद करता येतो का? आणि सगळ्यांच्या हेलिकॉप्टरवर तोच वारा वाहतो का? या दोन कसोट्यांवर डीसीएस वर्ल्ड हा सिम्युलेटर आणि त्यातलं यूएच-१एच हुई या हेलिकॉप्टरचं मॉड्यूल (वेगळं विकत घ्यायचा भाग) बाकीच्यांच्या पुढे आहे. तक्रारी आहेत, त्या पुढे येतीलच.

आधी बाकीच्यांबद्दल थोडं. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये नोव्हेंबर २०२२ च्या चाळिसाव्या वर्धापन आवृत्तीपासून काब्री जी२ आणि बेल ४०७ ही हेलिकॉप्टरं अधिकृतपणे आली. जग अख्खं आहे, त्यामुळे खरा १:५,००,००० चा हवाई नकाशा समोर पसरून उडता येतं. हा फायदा दुसऱ्या कुणाकडे इतका नाही. पण गटात उडताना ठरवून दिलेलं हवामान ज्याच्या त्याच्या संगणकावर असतं. तयार केलेला प्रीसेट, म्हणजे साठवलेलं हवामान, डब्ल्यूपीआर फाइल म्हणून सगळ्यांना पाठवावा लागतो. एखाद्याने तो लावायचा राहिला, तर त्याच्यापुरता वारा वेगळा आणि त्याचा निकाल निरर्थक. शिवाय व्हीएफआर नकाशाची खिडकी कुणी उघडली तर कळायला मार्ग नाही. एक्स-प्लेन १२ या सिम्युलेटरमध्ये आर२२ आणि एस-७६ ही हेलिकॉप्टरं सोबतच मिळतात, आणि फुकटात मिळणारं लिटल नॅव्हमॅप जोडलं की मार्ग आखणं, उंचीचा छेद पाहणं, उडालेली वाट जीपीएक्स फाइलमध्ये काढणं हे सगळं उत्तम होतं. एकट्याच्या सरावाला आम्ही हीच जोडी सुचवू. गटासाठी मात्र इथेही वारा आणि ठिपका या दोन्ही गोष्टी प्रत्येकाच्या प्रामाणिकपणावर सोडाव्या लागतात.

डीसीएसमध्ये हे दोन्ही मिशनच्या, म्हणजे आयोजकाने रचलेल्या उड्डाणाच्या, फाइलमध्येच बंदिस्त असतं. मिशन एडिटरच्या पर्यायांमध्ये एफ१० नकाशासाठी (उडताना एफ१० की दाबल्यावर उघडतो तो) ‘फक्त नकाशा’ निवडून तो पर्याय सक्तीचा केला की सर्व्हरवर आलेल्या कुणालाही स्वतःचं किंवा दुसऱ्याचं हेलिकॉप्टर नकाशावर दिसत नाही. त्याच पानावर लेबलं आणि बाहेरून पाहण्याचे कॅमेरेही सक्तीने बंद करा. लेबलं, म्हणजे हेलिकॉप्टरवर दिसणारी नावं, राहिली तर पुढच्या जोडीच्या (एका हेलिकॉप्टरमधल्या दोघांच्या) नावामागे मागची जोडी मुकाट्याने जाते. बाहेरचा कॅमेरा राहिला तर उंचावरून चक्कर मारून गाव ओळखता येतं.

एक गळती तरीही उरते, ती नीबोर्डची. मांडीवरच्या या पानांमध्ये मिशनच्या मार्गबिंदूंवरून बनवलेला नकाशा येऊ शकतो, आणि आपली सध्याची जागा त्यावर टिंबाने उमटवणारी की उपलब्ध आहे. म्हणून सहभागी हेलिकॉप्टरांना एडिटरमध्ये उड्डाणाच्या जागेपलीकडे एकही मार्गबिंदू देऊ नका. आपली पानं मात्र जरूर घाला. मिशनची मिझ फाइल ही साधी झिप असते. तिच्यात ‘नीबोर्ड’ आणि त्याच्या आत ‘इमेजेस’ ही फोल्डरं इंग्रजी मोठ्या अक्षरांत तयार करून ७६८ बाय १०२४ ची चित्रं टाकली की ती सगळ्यांच्या मांडीवर येतात. टप्प्यांचा तक्ता, रेडिओच्या फ्रिक्वेन्सी आणि खुणांचे फोटो एवढं पुरे. टिंब उमटवणारी की वापरायची नाही, हे ब्रीफिंगमध्ये स्पष्ट सांगा. ती सक्तीने बंद करता येत नाही.

आता वारा. हेलिकॉप्टरवर नॅव्हिगेशन शिकण्यात खरी मजा आणि खरी मारामारी इथेच आहे, कारण यंत्र हळू. नियोजनाचा वेग ९० नॉट (ताशी ९० सागरी मैल) धरा. मिनिटाला दीड सागरी मैल होतात, आणि तोंडी हिशेबाला याहून सोयीचा आकडा नाही. दहा मैलांचा टप्पा वारा नसताना ६ मिनिटं ४० सेकंदांत संपतो. समोरून १० नॉट वारा असेल तर ७ मिनिटं ३० सेकंद, पाठीमागून असेल तर बरोबर ६ मिनिटं. तोच वारा काटकोनात आला तर कमाल अपवहन, म्हणजे वाऱ्याने वाटेवरून ढकललं जाण्याचा सर्वांत मोठा कोन, काढायला वाऱ्याचा वेग दीडने भागा: १० नॉटला सुमारे ७ अंश, १५ नॉटला १०. दीडशे नॉटच्या विमानाला त्याच १० नॉटला ४ अंशच पुरतात. हुईने ही दुरुस्ती केली नाही तर दहा मैलांच्या शेवटी ती सुमारे १.१ सागरी मैल, म्हणजे दोन किलोमीटर बाजूला निघते. तेवढ्यात गाव चुकतं, आणि वाईट म्हणजे शेजारचं गाव ‘हेच ते’ वाटायला लागतं. वारा तिरका असेल तर ३० अंशांच्या कोनाला कमाल अपवहनाचा अर्धा भाग, ४५ ला सात दशांश, ६० ला नऊ दशांश घ्या. ३० नॉट वाऱ्याची हौस पहिल्या रात्री नको. १० ते १५ नॉटमध्ये चूक दिसतेही आणि सावरताही येते.

एडिटरमध्ये वारा थरांनी भरला जातो: जमिनीजवळ १० मीटरवर एक, मग ५०० मीटरवर, त्याच्या वर आणखी. हुई पाचशे ते हजार फुटांवर उडणार, म्हणजे या पहिल्या दोन थरांच्या मध्ये. जमिनीवरचा आकडा ब्रीफिंगला दिला तर सगळ्यांचे हिशेब एकाच बाजूला चुकतात, आणि मग ‘सिम्युलेटरच बरोबर नाही’ हा वाद सुरू होतो. आयोजकाने आदल्या दिवशी ठरलेल्या उंचीवर एकच टप्पा जाऊन-येऊन घड्याळाने मोजावा आणि निघालेला वारा कागदावर द्यावा. वर दिलेले ६ आणि ७:३० हे आकडे आले, तर त्या रेषेतला वारा १० नॉटचा. भरलेली दिशा वारा येण्याची की जाण्याची, याची खात्रीही तेव्हाच करा: जमिनीवर एक धुराचं चिन्ह ठेवा आणि धूर कुठे झुकतो ते बघा. कागदावरचा वारा १८० अंशांनी उलटा निघाला तर अख्खी रात्र फुकट जाते.

उत्तर दिशेचाही असाच घोळ असतो. एफ१० वरच्या पट्टीने अंतर आणि दिशा मोजता येते, पण ती दिशा आणि होकायंत्राची दिशा एक नसते. कॉकेशस नकाशावर चुंबकीय व्हेरिएशन, म्हणजे खऱ्या आणि चुंबकीय उत्तरेतला फरक, साधारण ६ अंश पूर्व आहे. पूर्व असेल तर वजा, पश्चिम असेल तर अधिक. म्हणजे नकाशावर खरी दिशा ०९० आली तर होकायंत्रावर ०८४ धरायची. यावर डोळे झाकून विसंबण्यापेक्षा एक सोपी पडताळणी करा. पट्टी धावपट्टीच्या मध्यरेषेवर ठेवून दिशा वाचा, मग हुई त्याच रेषेत उभी करून होकायंत्र वाचा. जो फरक येईल तीच त्या भागाची दुरुस्ती. ती नीबोर्डच्या पहिल्या पानावर ठळक लिहा, म्हणजे चौघे चार निरनिराळ्या दुरुस्त्या लावणार नाहीत.

हुईचं कॉकपिट या कामासाठीच बनवल्यासारखं आहे, कारण त्यात हलता नकाशा नाही आणि जीपीएसही नाही. होकायंत्र, घड्याळ, एडीएफ (जमिनीवरच्या रेडिओ केंद्राकडे सुई वळवणारं यंत्र), व्हीओआर (केंद्रापासूनची दिशा सांगणारं यंत्र) आणि रेडिओ. बस. डीसीएसमध्ये अपाची किंवा कायोवा वॉरियर आहेत, पण त्यांच्या पडद्यांवर सगळं आयतं मिळतं. एमआय-८ मध्ये जमिनीवरचा वेग आणि अपवहन मोजणारी डॉपलर यंत्रणा आहे. ती शिकण्यासारखी आहे, पण दुसऱ्या कुठल्या तरी रात्री. हुईच्या दिशादर्शकाला चुंबकीय आणि मुक्त जायरो (चुंबकाचा आधार नसलेला) असे दोन प्रकार आहेत. उड्डाणाआधी तो चुंबकीयवर आहे ना, हे प्रत्येक जोडीने मोठ्याने सांगावं. चुकून जायरोवर राहिला तर सुई हळूहळू सरकते आणि तिसऱ्या टप्प्यावर कुणालाच कळत नाही की बिघडलं कुठे.

मल्टिक्रू ही या मॉड्यूलची सगळ्यात मोठी जमेची बाजू. एक जण उडवतो, दुसरा शेजारच्या सीटवर बसून नकाशा, घड्याळ आणि रेडिओ सांभाळतो. एफएआय या आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा संघटनेच्या जागतिक हेलिकॉप्टर स्पर्धेत नॅव्हिगेशन हा स्वतंत्र स्पर्धाप्रकार आहे आणि तिथेही दोघांचीच टीम उडते. एकट्याने हुई उडवत नकाशा वाचणं शक्य आहे, पण ऑटोपायलट नसलेल्या या यंत्रावर नजर तीन सेकंद खाली गेली की उंची शंभर फूट हललेली असते. दोघांकडेही मॉड्यूल असणं आवश्यक आहे. नियंत्रण मागण्याची आणि देण्याची की दोघांनी आधीच नेमून ठेवावी. फ्रिक्वेन्सी लावली की दोघांनीही आपल्याला दिसणारा आकडा वाचून जुळवून घ्यावा. दोन सीटवर वेगळी स्थिती दिसण्याचे प्रकार मल्टिक्रूमध्ये होतात.

बोलण्यासाठी सिंपलरेडिओ स्टँडअलोन, म्हणजेच एसआरएस. आवाजाच्या साध्या ग्रुप कॉलवर आठ जण एकाच वेळी बोलतात आणि नॅव्हिगेटरचं ‘आता वळ’ ऐकू जात नाही. एसआरएसमध्ये कॉकपिटमधल्या रेडिओवर जी फ्रिक्वेन्सी लावली तीच चालते, आणि जोडीतलं बोलणं इंटरकॉमवर राहतं. सगळ्यांसाठी एक यूएचएफ फ्रिक्वेन्सी द्या आणि तिच्यावर फक्त खुणेवर पोहोचल्याचा निरोप: कोण, कुठे, वेळ, पुढचा अंदाज. ‘मला पूल दिसतोय’ असलं बोलणं इंटरकॉमवरच. नाहीतर पुढच्या जोडीचं ऐकून मागचे लोक नकाशा बाजूला ठेवतात.

मार्ग कुठे आखायचा? कॉकेशस नकाशा मोफत मिळतो आणि त्यातली जॉर्जियामधल्या कोल्खेतीची सखल जमीन पहिल्या रात्रीला फार चांगली. कोबुलेतीहून निघून सुप्सा नदी, साम्त्रेदियाचं रेल्वे जंक्शन, सेनाकी असा पट्टा घेतला तर नद्या, लोहमार्ग, पूल असं पुरेसं सामान मिळतं. पश्चिमेला काळा समुद्र आहे. जोडी हरवली तर पश्चिमेकडे तोंड करायचं, किनारा लागला की तिथून जागा शोधायची. हा नियम आधीच सांगून ठेवला की लोक घाबरून नियंत्रकाला विचारत नाहीत. कोबुलेती ते सेनाकी सरळ रेषेत जेमतेम वीस मैल. तिथे साम्त्रेदियापर्यंत न जाता एकूण चाळीसेक मैलांचा, आठ ते बारा मैलांच्या चार टप्प्यांचा फेरा सहज बसतो. वारा नसताना २७ मिनिटं, वाऱ्यात आणि चुकांसकट पाऊण तास. हुईची टाकी ढोबळमानाने दोन तास पुरते, त्यामुळे इंधनाची चिंता नाही. गावं खुणा म्हणून घेऊ नका. डीसीएसमधली छोटी गावं एकमेकांच्या नकला आहेत. नदीला पडलेलं वळण, लोहमार्गाने रस्ता ओलांडलेली जागा, दोन नद्यांचा संगम हे खात्रीचं. विजेच्या तारांकडे मात्र लक्ष ठेवा. तीनशे फुटांखाली उडायचं असेल तर मार्गावरच्या तारा आयोजकाने स्वतः उडून टिपाव्यात.

जोडी खुणेवर खरंच गेली होती का, हे तपासायला प्रत्येक खुणेजवळ काही वस्तू ठेवा. एका पुलाशी तीन कंटेनर, दुसऱ्या वळणावर दोन तंबू. नॅव्हिगेटरने संख्या लिहून आणायची. एडिटरमध्ये खुणेवर पोहोचल्याचा संदेश दाखवणारा ट्रिगर लावायचा मोह होतो, तो टाळा. संदेश दिसला म्हणजे ‘पोहोचलात’ हे आयतं कळलं, आणि ज्याला दिसला नाही त्याला ‘चुकलात’ हेही कळलं.

चार हुई, आठ माणसं, एक नियंत्रक ही संख्या आटोक्यात राहते. इंजिन चालू स्थितीत पार्किंगवरून सुरुवात द्या. थंड इंजिनापासून सुरू करायला लावलं तर वीस मिनिटं त्यातच जातात आणि सराव भलत्याच गोष्टीचा होतो. दोन जोड्यांमध्ये तीन मिनिटांचं अंतर ठेवा, म्हणजे हवेत साडेचार मैल. मार्गाचा तक्ता उड्डाणाआधी वीस मिनिटं द्यायचा, त्याआधी नाही. पहिला फेरा झाल्यावर सीट बदलून तोच मार्ग उलटा उडवा. वारा तोच, पण प्रत्येक दुरुस्ती उलटी, आणि आधीची हेडिंगं (नाक ठेवायच्या दिशा) पाठ करून चालत नाही.

चुका ठरलेल्या असतात. सगळ्यात जास्त होणारी म्हणजे उड्डाण करतानाच घड्याळ सुरू करणं. हवेत उठून, वळून, ९० नॉट गाठेपर्यंत दीड मिनिट गेलेलं असतं, आणि ते सगळ्या टप्प्यांना चिकटतं. सुरुवातीचा बिंदू तळापासून दोन मैल बाहेर ठेवा. त्याच्या डोक्यावरून ठरलेल्या वेगाने आणि ठरलेल्या हेडिंगवर जाताना घड्याळ दाबायचं.

दुसरी चूक पेडलची, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या पायातल्या नियंत्रणाची. हुईचा बॉल (घसरण दाखवणारी काचेच्या नळीतली गोळी) मध्यावर नसेल तर ती तिरकी घसरत जाते. होकायंत्र बरोबर दिसतं, वाट चुकते आणि दोष वाऱ्यावर जातो. एखाद्या जोडीची चूक वारा बदलूनही त्याच बाजूला येत असेल तर आधी बॉल बघा.

तिसरी उंचीची. पाच हजार फुटांवर वेगदर्शक ९० दाखवत असला तरी खरा वेग सुमारे ९७ असतो. सखल भागात हे जाणवत नाही, पण पुढे डोंगरात गेलात तर दहा मैलांवर अर्ध्या मिनिटाचा फरक पडतो.

चौथी चूक अनुभवी लोकांचीही: जमिनीवर काहीतरी दिसलं की ते नकाशात शोधत बसणं. क्रम घड्याळ, नकाशा, मग जमीन असाच हवा. सहा मिनिटं झाली, म्हणजे नऊ मैल झाले. नवव्या मैलावर नकाशात काय आहे. ते बाहेर दिसतं का?

बाजूला गेल्याचं कळलं तर साठात एकचा नियम वापरा: साठ मैलांवर एक मैल बाजूला म्हणजे एक अंश. पाच मैलांवर अर्धा मैल बाजूला म्हणजे ६ अंशांची चूक. उरलेल्या पाच मैलांत खुणेवर पोहोचायचं तर आणखी ६, एकूण १२ अंश वळा. मूळ रेषेवर आलात की त्यातले ६ परत द्या आणि ६ ठेवा. हे परत द्यायचं विसरणारे निम्मे असतात.

शेवटचा टप्पा एडीएफवर ठेवणं आम्हाला आवडतं. कोबुलेतीचं बाहेरचं एनडीबी, म्हणजे एडीएफची सुई ज्याच्याकडे वळते ते रेडिओ केंद्र, ८७० किलोहर्ट्झवर आहे. सुई नाकावर ठेवून उडत राहिलं की बाजूच्या वाऱ्यात वाट कमानीसारखी वाकते. हे पुस्तकात वाचलेलं असतं, पण नंतर स्वतःची कमान पडद्यावर पाहिली की पटतं. पुढच्या फेरीत तोच टप्पा अपवहन धरून सरळ उडवा.

ती कमान दिसते टॅकव्ह्यू या उड्डाणं नोंदवून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. त्याचा एक्सपोर्टर सर्व्हरच्या संगणकावर बसवला की सगळ्यांच्या वाटा एका फाइलमध्ये नोंदल्या जातात, आणि वेळ, उंची, वेग सकट मागे-पुढे फिरवून पाहता येतात. पडदा सगळ्यांना दाखवून प्रत्येक जोडीला पाच मिनिटं द्या: आधी जोडीने सांगायचं की आपण कुठे चुकलो, मग वाट उघडायची. उलट क्रम लावला तर कुणी काही आठवतच नाही, सगळे रेषेकडे बोट दाखवतात.

आता तक्रारी. डीसीएसची जागेची भूक प्रचंड आहे आणि अपडेट मोठे येतात. सर्व्हर आणि सहभागी यांची आवृत्ती जुळली नाही तर आत येताच येत नाही, म्हणून अपडेट आदल्या दिवशी करायला लावा आणि ठरलेल्या रात्री कुणीही बटण दाबू नका. स्वतःच्या घरून सर्व्हर चालवायचा तर राउटरवर १०३०८ हा पोर्ट टीसीपी आणि यूडीपी दोन्हींसाठी उघडा, एसआरएससाठी ५००२. नेहमी अडखळतं ते इथेच. खऱ्या जगातला हवा तो प्रदेश मिळत नाही. डीसीएसचे नकाशे मोजके आहेत आणि बहुतेक विकत घ्यावे लागतात. मॅन्युअल लांबलचक आहे, पण नॅव्हिगेशनचा भाग त्रोटक. आणि हुई नवख्याला क्षमा करत नाही: तीसेक नॉटच्या खाली येऊन मिनिटाला तीनशे फुटांहून वेगाने उतरायला लागलात की ती स्वतःच्याच ढवळलेल्या हवेत कोसळते. कलेक्टिव्ह (वर चढवणारा दांडा) ओढल्याने हे आणखी बिघडतं. सायक्लिक (दिशा देणारा दांडा) पुढे दाबून वेग घ्यावा लागतो. पहिल्या खुणेवर उतरायला लावलं तर निम्म्या जोड्या तिथेच संपतात. म्हणून नॅव्हिगेशनच्या रात्री मधे कुठेही उतरणं ठेवू नका, वरून जा आणि कंटेनर मोजा.

ज्यांना हुई अजून स्थिर धरता येत नाही त्यांना थेट या रात्रीला बोलावू नका. नॅव्हिगेटरच्या सीटवर मात्र जरूर बसवा; तिथे पेडलची गरज नाही, भागाकार आला पाहिजे. पैसे घालण्याआधी सगळ्या गटाने डीसीएसच्या स्टँडअलोन (स्टीमवरची नव्हे) आवृत्तीत मॉड्यूलची १४ दिवसांची मोफत चाचणी एकाच वेळी सुरू करावी. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने एकट्याने उडवून हात बसवायचा, दुसऱ्यात दोन रात्री घ्यायच्या: एक शून्य वाऱ्याची, एक १२ नॉटची. त्या दोन रात्रींच्या टॅकव्ह्यू फाइली शेजारी ठेवून पाहा आणि मग विकत घ्यायचं का ते ठरवा.